आधी गाडी बघू, मग आकडा सांगतो

डिटेलिंगचं, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून रंगाला चमक आणायचं काम सुरू केलं तेव्हा मला वाटायचं की यातला अवघड भाग म्हणजे पॉलिशिंग मशीन, त्यावर एकदा हात बसला की झालं. मशीनवर हात चार-पाच महिन्यांत बसला. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला हे काम नक्की काय आहे, त्याला इतका वेळ का लागतो आणि त्याचे एवढे पैसे का होतात हे नीट सांगता यायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत माझं जे काही नुकसान झालं, जी काही भांडणं झाली, ती जवळपास सगळी बोलण्यातल्या चुकांमुळे झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल, आणि गाडी देणाऱ्यालाही कळेल की आम्ही आकडा कुठून काढतो.

सुरुवात फोनपासून करतो कारण माझी पहिली चूक फोनवरच झाली. फोन यायचा, "दादा, फुल डिटेलिंगचे किती घेता?" आणि मी लगेच आकडा सांगून टाकायचो. भीती असायची की उशीर केला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. आता "फुल डिटेलिंग" या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. एकाला वाटतं फोम वॉश, व्हॅक्यूम आणि डॅशबोर्डला चमक म्हणजे फुल. दुसऱ्याला वाटतं सगळे ओरखडे जाणार. तिसरा समजतो की यातच कोटिंग, म्हणजे रंगावर बसवायचा संरक्षक थर, पण आलं, आता दोन-तीन वर्षं गाडीकडे बघायला नको. आणि मी तिघांनाही एकच आकडा सांगत होतो.

असाच फोनवर आकडा सांगितलेली एक सात सीटची गाडी आली. बाहेरून ठीक होती, दार उघडलं आणि आंबट वास आला. मधल्या सीटवर कधीतरी दूध सांडलेलं, ते खालच्या फोमपर्यंत मुरलेलं, आणि मागे डिकीच्या कार्पेटमध्ये कुत्र्याचे केस असे विणले गेलेले की व्हॅक्यूमने एकही हलेना. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, कुत्र्याचे बारीक ताठ केस कार्पेटच्या धाग्यात सुईसारखे घुसतात, रबरी ब्रशने एकाच दिशेने ओढत ओढत गोळा करायचे, मग व्हॅक्यूम, मग परत ब्रश, दुसरा शॉर्टकट नाही. दुधाचं तर त्याहून वाईट, वरचं कापड शॅम्पूने साफ केलं की दिसायला छान दिसतं, पण फोममध्ये राहिलेलं सुकताना परत वर येतं आणि डाग पुन्हा उमटतो. एक्स्ट्रॅक्शन मशीनने तीनदा कोमट पाणी मारून ओढून काढलं, रात्रभर ब्लोअर लावून ठेवला. मनात पाच तास धरले होते, लागले तेरा, दोन दिवसांत मिळून. पैसे मात्र फोनवर सांगितले तेवढेच मागितले कारण शब्द दिला होता. ते गृहस्थ खूश होऊन गेले. माझ्या हातात त्या दोन दिवसांचं सामान, वीज आणि भाडं वजा जाता काहीच उरलं नाही, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं होतं.

त्यानंतर मी एक वही सुरू केली. प्रत्येक गाडीचं प्रत्येक काम किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता संपलं हे लिहायचं, अंदाजाने नाही, घड्याळ बघून. दीड महिना हे केलं आणि जे दिसलं त्याने माझा सगळा हिशोब बदलला. मी कायम पॉलिशचा वेळ धरायचो, बाकीचं "होऊन जातं" म्हणून सोडून द्यायचो. पण एका छोट्या हॅचबॅकचं साधं एकाच टप्प्याचं पॉलिश, त्यात धुणं, रिम आणि टायर, आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण सोडवणारं द्रव), क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवणं, कोरडं करणं यातच दोन तासांच्या वर जात होते. मग रबर, काळं प्लास्टिक, कडा आणि लोगोच्या बाजूने टेप लावायला अर्धा-पाऊण तास. मशीन प्रत्यक्ष गाडीवर फिरत होती फक्त साडेतीन तास. मग पुसणं, दिव्याखाली तपासणं, राहिलेल्या जागी परत जाणं, टेप काढल्यावर फटीत अडकलेली पॉलिशची पावडर ब्रशने काढणं, वर सीलंट म्हणजे चमक टिकवणारा हलका थर. एकूण आठ तास. म्हणजे मशीन हातात असायची तो वेळ निम्म्याहून कमी, आणि मी इतके महिने फक्त त्याचेच पैसे लावत होतो.

वहीतून अजून एक गोष्ट बाहेर आली. मी दुकानात महिन्याला साधारण २६० तास उभा होतो, त्यातले प्रत्यक्ष गाडीवरचे तास १४० च्या आसपास. बाकीचे फोन, सामान आणणं, टॉवेल धुणं (मायक्रोफायबर वेगळे धुवावे लागतात, फॅब्रिक सॉफ्टनर चालत नाही, जास्त गरम पाणी चालत नाही), गाडी बघायला आलेल्यांशी बोलणं, आणि रिकामे बसलेले तास. भाडं, वीज, पाणी, विमा, मशीनची झीज, आणि माझा स्वतःचा पगार, हे सगळं त्या १४० तासांतूनच निघायला हवं. मी आधी २६० ने भागत होतो, म्हणून तासाचा दर कायम निम्म्याच्या जवळपास येत होता आणि महिनाअखेरीस पैसे कुठे गेले हे कळत नव्हतं.

हे भागाकाराचं इतकं सविस्तर लिहितोय कारण माझ्या ओळखीच्या तिघा-चौघांनी याच एका चुकीपायी चांगलं चाललेलं काम बंद केलं. हात उत्तम होता त्यांचा. बाजूच्याने जो दर लावलाय त्याच्यापेक्षा थोडा कमी, एवढंच त्यांचं दर ठरवणं होतं, आणि बाजूच्याने तो कशावरून ठरवला हे कुणालाच माहीत नव्हतं.

डिस्काउंटचं पण तसंच. माणूस प्रेमाने म्हणतो, "दहा टक्के तरी कमी करा." आणि दहा टक्के ऐकायला किती लहान वाटतं. पण समजा कामाचे १०० घेतो आणि त्यात ७० खर्च आहे, उरले ३०. दहा सोडले की उरतात २०, म्हणजे माझा नफा दहा टक्क्यांनी कमी झाला नाही, एक तृतीयांश गेला. आधी दोन गाड्यांत जेवढं सुटायचं तेवढ्यासाठी आता तीन गाड्या करायच्या, आणि माझ्याकडे हात दोनच आहेत. हा हिशोब एकदा कागदावर मांडल्यावर मी डिस्काउंट देणं बंद केलं. बजेट खरंच कमी असेल तर मी काम कमी करतो, किंमत नाही. म्हणजे सांगतो की पॉलिश एकाच टप्प्याचं करू, किंवा फक्त वरचे पॅनेल करू, बोनेट, टप आणि डिकी, कारण ऊन तिथेच सगळ्यात जास्त लागतं. याचा राग कुणालाच आलेला नाही आजवर.

आता समजावून सांगण्याचं. सुरुवातीला मी प्रक्रियेची नावं सांगायचो, डीकंटॅमिनेशन, पेंट करेक्शन, टू स्टेज, ड्युअल अ‍ॅक्शन, आणि समोरचा मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "म्हणजे रबिंग पॉलिशच ना? ते तर वॉशिंगवाला इतक्यात करतो." मला वाईट वाटायचं. पण त्याच्या जागी उभं राहिलं तर तो बरोबर होता, मी त्याला नुसते शब्द दिले होते, दाखवलं काहीच नव्हतं.

आता मी गाडी आल्याशिवाय आकडा सांगतच नाही. फोनवर फक्त इतकं सांगतो की अशा मापाच्या गाडीला इथपासून इथपर्यंत लागू शकतात, आणि नक्की किती ते गाडी बघून, बघायचे पैसे नाहीत, वीस मिनिटं लागतील. गाडी मोठी की छोटी हे विचारतो, रंग गडद आहे का, आधी कुणी पॉलिश किंवा पेंट केलंय का, आतमध्ये लहान मुलं, कुत्रा, सिगारेट यातलं काय असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला नक्की काय खटकतंय. या शेवटच्या प्रश्नाने अर्धं काम होतं. कितीतरी वेळा माणूस फुल डिटेलिंग म्हणतो आणि खटकत असते ती फक्त ड्रायव्हर सीट.

मग गाडी आली की गिऱ्हाइकाला बरोबर घेऊन फेरी मारतो. एकदाची फेरी सांगतो, म्हणजे लक्षात येईल.

एक काका काळी सेदान घेऊन आले होते, वर्षभरापूर्वी सेकंडहँड घेतलेली, मनापासून जपलेली, दर रविवारी स्वतः पुसणारे. त्यांची तक्रार एवढीच की "चमक येत नाही, मी दर रविवारी पुसतो तरी." मी टॉर्च घेतला आणि बोनेटवर तिरका धरला. टॉर्चच्या गोलाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल चरे उठले. काका वाकून बघत राहिले. म्हणाले, "हे कधी झालं?" मी म्हटलं, काका, हे एका दिवसात नाही होत, कोरडी धूळ कापडाने पुसली की प्रत्येक कण थोडं थोडं घासत जातो, आणि काळ्या रंगावर ते सगळ्यात आधी दिसतं. मला ते सांगताना जड गेलं कारण ते दर रविवारी प्रेमाने पुसत होते आणि त्या पुसण्यानेच ते झालं होतं. पण सांगितलं नसतं तर मी पॉलिश करून दिल्यावर दोन महिन्यांत परत तेच झालं असतं.

मग त्यांच्या हाताला एक पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि म्हटलं बोनेटवर हलकासा हात फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून खरखरीत लागतं, वाळूच्या कागदासारखं. धुतल्यानंतरही. ही रंगात रुतून बसलेली घाण, ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण, झाडाचा चीक, डांबराचे थेंब. मागच्या चाकाजवळ आयर्न रिमूव्हर मारून दाखवला, दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ खाली यायला लागले, ते लोखंडाशी रिअ‍ॅक्शन होऊन येतात. काकांनी लगेच मोबाईल काढून फोटो घेतला.

मग नख. एक लांब ओरखडा होता मागच्या दारावर, त्यांना वाटत होतं तो जाईल. मी त्यांचंच नख त्यावरून आडवं फिरवायला सांगितलं. अडकलं. नख अडकलं म्हणजे ओरखडा वरच्या पारदर्शक थरात, क्लिअरकोटमध्ये, फार खोल गेलाय किंवा त्याच्याही खाली गेलाय, तो पॉलिशने जाणार नाही, कडा गोलसर होऊन कमी दिसेल एवढंच, पूर्ण घालवायचा असेल तर पेंटवाल्याकडे जावं लागेल. हे मी आधीच सांगतो आणि कागदावर पण लिहितो, "हा ओरखडा राहणार."

आणि शेवटी मीटर. पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो मायक्रॉनमध्ये. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० च्या दरम्यान येतात, त्यातला क्लिअरकोट साधारण ४० ते ५०. आपल्या डोक्याचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे ज्या थराला आम्ही मशीन लावणार तो केसापेक्षाही पातळ आहे. हे काकांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे दरवेळी पॉलिश करताना यातलंच जातं?" बरोबर. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन, जोरात कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, मारलं तर त्याहून जास्त, आणि ते परत भरून येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी रबिंग करून घेणारा माणूस आपल्याच गाडीचा रंग संपवत असतो, आणि क्लिअरकोटच उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो, तो एकदा फार पातळ झाला की पुढे रंग फिका पडून पापुद्रे निघायला लागतात.

बोनेटवर ११८, ११२, ११५. टपावर तसंच. पुढचं दार १२०. मागच्या डाव्या दारावर टेकवलं तर ३४०. दुसऱ्या जागी ३६०. खाली कडेजवळ ९०० च्या वर. मी परत मोजलं, तेच. दार परत रंगवलेलं होतं आणि खाली लांबी (पुट्टी) भरलेली होती, म्हणजे कधीतरी ठोकलेलं. काकांना गाडी घेताना "एकही स्क्रॅच नाही, ओरिजिनल पेंट" म्हणून सांगितलं होतं. त्यांनी दाराला हात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं आता मूड जाणार आणि काम पण जाणार. ते म्हणाले, "बरं झालं कळलं. आता सांगा काय करायचं."

मग बोनेटच्या एका कोपऱ्यात टेप लावून एक फुटाचा चौकोन आखला. अर्ध्या भागात मऊ पॅडने एकच टप्पा, अर्ध्यात आधी कंपाउंड मग फिनिशिंग पॉलिश. दोन्ही भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसून घेतले, कारण पॉलिशमधलं तेल बारीक चरे भरून टाकतं आणि गाडी आहे त्यापेक्षा चांगली दिसते, पहिल्या दोन-तीन धुण्यात ते जातं आणि चरे परत दिसतात. पुसल्यावर जे उरतं तेच खरं. टेप काढली, टॉर्च धरला. न केलेला भाग जाळ्याजाळ्याचा, एका टप्प्याचा साधारण साठ-सत्तर टक्के साफ, दोन टप्प्यांचा जवळपास आरसा. तेव्हा मी पहिल्यांदा आकडे बोललो. एका टप्प्याचे इतके, आठ-नऊ तास. दोन टप्प्यांचे इतके, सोळा तास, दोन दिवस. रंगवलेल्या दारावर जोर लावणार नाही, तो रंग कुणी कसा मारलाय मला माहीत नाही.

काकांनी एक टप्पा घेतला. म्हणाले, रोज चालवायची गाडी आहे, एवढं पुरे. मला ते पटलं, मीही तेच सुचवलं असतं. महत्त्वाचं हे की त्यांनी "इतके का?" हे एकदाही विचारलं नाही, आणि घासाघीस पण नाही, कारण आकडा येईपर्यंत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि नखाने सगळं बघितलं होतं.

कोटिंगबद्दल मात्र मला वेगळा धडा मिळाला आणि तो अजून लागतो. सुरुवातीच्या काळात मी सिरॅमिक कोटिंग विकताना बाटलीवर लिहिलेलं तेच बोलायचो, ९एच कडकपणा, काचेसारखा थर, वर्षानुवर्षं संरक्षण. एका ताईंनी नवीन गाडीवर करून घेतलं, चांगले पैसे दिले. तीन महिन्यांनी आल्या, बोनेटच्या पुढच्या कडेला हायवेवरच्या खड्यांचे पाच-सहा टिपके, आणि दारावर बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग. म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना स्क्रॅचप्रूफ?" मी तो शब्द वापरला नव्हता, पण मी जे बोललो होतो त्यातून कुठल्याही माणसाने तेच समजलं असतं. त्यांचं चुकलं नव्हतं. डाग मी काढून दिले, त्या दोन पॅनेलवर कोटिंग परत करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून कोटिंगचं असं सांगतो. हा थर साधारण एक मायक्रॉनचा किंवा त्याहून कमी, पाणी घसरून जातं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, पक्ष्याची विष्ठा आणि उन्हापासून थोडा जास्त वेळ मिळतो. ते ९एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाची चाचणी, दगडाच्या नाही. खडा अडणार नाही, किल्लीचा ओरखडा अडणार नाही, आणि बोअरचं पाणी उन्हात वाळू दिलं तर डाग पडणारच. खड्यापासून वाचवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती साधारण १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे कोटिंगच्या दीडशे-दोनशे पट, आणि तिची किंमत पण त्या हिशोबाने. दोन्ही वस्तू वेगळ्या कामासाठी आहेत. आणि कोटिंगच्या आधी पॉलिश लागतंच, नाहीतर चऱ्यांवरच पारदर्शक थर बसतो आणि ते चरे आत कोंडले जातात, म्हणून कोटिंगचा आकडा सांगताना मी बाटलीचा आणि पॉलिशच्या तासांचा वेगळा सांगतो. लोकांना आश्चर्य वाटतं की बाटलीचा वाटा किती छोटा आहे. लावल्यावर २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर धुवायची नाही, हेही आधीच सांगतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी लग्नाला गाडी न्यायची असते आणि नेमका पाऊस.

असं सांगायला लागल्यापासून कोटिंगची कामं कमी झाली. खरंच कमी झाली, लपवत नाही. पण तक्रार घेऊन परत येणारी गाडी एकही नाही, आणि तक्रारीच्या गाडीला जो वेळ जातो त्याचे पैसे कुणीच देत नाही.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. एकाने गाडी नेल्यावर संध्याकाळी फोन केला की रिमवर चरा तुम्ही पाडला. मला पक्कं माहीत होतं तो आधीचा आहे, पण पुरावा नव्हता, आवाज चढले, शेवटी मी रिम दुरुस्तीचे पैसे दिले. आता गाडी आत घेण्याआधी चारही बाजू, चारही रिम, काच, आतल्या सीटा, किलोमीटरचं रीडिंग, सगळ्याचे फोटो, गिऱ्हाईक समोर असतानाच, आणि त्यालाही पाठवतो. पाच मिनिटं लागतात. सोबत कागद, त्यावर काय करणार, काय जाणार नाही, किती तास, किती पैसे, आणि एक ओळ की आतमध्ये काही नवीन सापडलं तर आधी फोन करणार, हो म्हणालात तरच पुढे जाणार, आणि या आकड्याच्या वर न विचारता एक पैसाही जाणार नाही. ही शेवटची ओळ वाचली की माणसाचा चेहराच सैल होतो, कारण गॅरेजचं बिल फुगण्याची भीती सगळ्यांनाच असते.

काही कामांना मी नाही म्हणतो. पेंटच्या मीटरवर ८०-८५ दिसलं आणि आधी दोन-तीनदा रबिंग झालेलं असलं तर कंपाउंड मारत नाही, कितीही आग्रह केला तरी. पिवळ्या पडलेल्या हेडलाइट घासून लगेच चकाचक होतात, पण वर यूव्ही थर न लावता देत नाही, कारण कंपनीचा थर आपण घासून काढलेला असतो आणि नुसतं पॉलिकार्बोनेट काही महिन्यांत परत पिवळं होतं. नुसतं घासून द्या, स्वस्तात, असं म्हणणारे असतात, त्यांना का नाही ते समजावतो, काही थांबतात काही जातात.

गाडी देताना मी घाई करत नाही. बाहेर उन्हात नेतो, कारण आतल्या ट्यूबलाइटमध्ये कुठलीही गाडी छान दिसते. जे राहिलंय ते मीच आधी बोट ठेवून दाखवतो. काकांना दोन बादल्यांची पद्धत करून दाखवली, एकीत शॅम्पू, एकीत साधं पाणी, तळाला जाळी, मिट (धुवायचा हातमोजा) आधी साध्या पाण्यात झटकायचा मग शॅम्पूत, वरून खाली धुवायचं, आणि कोरडी धूळ कधीच पुसायची नाही. त्यांनी रविवारचं पुसणं बंद केलं, धुणं सुरू केलं. नंतर मुलीसाठी गाडी बघायला गेले तेव्हा मला फोन करून म्हणाले, ते मीटर घेऊन येशील का रे. गेलो. चार गाड्या मोजल्या, तिसरी घेतली.

वासाचं काम मात्र अजून मला नीट आकड्यात बसवता आलेलं नाही. सिगारेटचा, दमट बुरशीचा, सांडलेल्या कशाचा तरी. वास कुठून येतोय हे सगळं उघडल्याशिवाय कळत नाही, कधी कार्पेटखालचा फेल्ट ओला असतो, कधी केबिन फिल्टर, कधी एसीच्या कॉइलवर, कधी टपाच्या आतल्या कापडात धूर बसलेला असतो आणि ते कापड जास्त ओलं केलं की गोंद सुटून खाली लोंबायला लागतं. आधी मी एकच आकडा सांगायचो आणि दरवेळी चुकायचो. आता पहिल्या फेरीचा वेगळा आकडा सांगतो, शोधणं आणि मूळ साफ करणं, मग गाडी तीन दिवस त्यांना वापरायला देतो, काचा बंद करून उन्हात उभी करायला सांगतो, आणि चौथ्या दिवशी परत बोलावतो. उरला असेल तर पुढच्या फेरीचं तेव्हा बोलू. परवाच एक गाडी अशी चौथ्या दिवशी आली, दार उघडलं, वास निम्मा होता. स्पेअर व्हीलच्या खाचेत पाणी साठलेलं सापडलं, डिकीचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं. ते रबर आधी बदलून आणा म्हटलं, तोवर मी काहीच घेत नाही.